कपाट आधी, टीव्ही नंतर

आमच्या घरात टीव्हीच्या आधी टीव्हीचं कपाट आलं. समोरच्या बिऱ्हाडात काम करणारा सुतार गावी परत निघाला होता, त्याच्याकडे सागवानाचे तुकडे उरले होते, आणि आमचे अण्णा ठाण्यातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. स्वस्तात मिळणारं लाकूड आणि फुकटात काढता येणारं ड्रॉइंग एकत्र आल्यावर त्यांना राहवणं शक्यच नव्हतं. एका रविवारी जमिनीवर कागद पसरून त्यांनी कपाटाचं समोरून, बाजूने आणि वरून चित्र काढलं. त्याला निमुळते पाय दिले, पुढे सरकतं पट्ट्यांचं शटर दिलं आणि शटरला कुलूप-किल्लीही दिली. आत काय ठेवायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. म्हणजे टीव्ही ठेवायचा हे ठरलं होतं, पण कुठला, केवढा, काळापांढरा की रंगीत, हे सगळं बाकी होतं. आई म्हणाली, "आधी टीव्ही तर घेऊ या, मग कपाट करू." अण्णा म्हणाले, "अगं, जागा तयार असली की वस्तू नीट निवडता येते." कपाटाला दोन हात पॉलिश झालं आणि ते कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या बरोबर समोर, ऐटीत उभं राहिलं.

ते तसंच रिकामं किती काळ उभं होतं, हे मी आता सांगितलं तर माझ्या सुनेला खोटं वाटतं. रिकामं म्हणजे अगदी रिकामं नव्हे. अण्णांच्या थोरल्या बहिणीने, आमच्या अक्काआत्याने, हळूहळू त्याचा ताबा घेतला. अक्का शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आमच्याकडेच राहणारी आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेली. तिने आधी तिचा बाम आणि चष्म्याचं घर आत ठेवलं, मग निवडायच्या तांदळाचं ताट, मग हिवाळ्यातली गोधडी. पाहुणे आले की त्या शटरकडे बघून म्हणायचे, "अरे वा, टीव्ही घेतलात वाटतं!" अण्णा सांगायचे, "घ्यायचाय. अभ्यास चालू आहे." तेवढ्यात अक्का शटर सरकवून बाम काढायची. ते कपाट अजून माझ्याकडे आहे, मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये. आता त्यात नातवाचे बूट असतात.

अण्णांचा अभ्यास ही थट्टेची गोष्ट नव्हती. ते कचेरीत ज्या बारकाईने पंपाच्या झडपांची ड्रॉइंग काढत, त्याच बारकाईने त्यांनी टीव्हीचा विचार चालवला होता. कोणाकडे कुठला सेट आहे, त्याला व्होल्टेजसाठी वेगळा डबा लागतो का, चित्राची पट्टी उभी सरकते की आडवी, बिघडला तर माणूस घरी येतो की सेट डोक्यावर घेऊन आपण जायचं, हे ते रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला विचारत. नौपाड्यातल्या दुकानांत ते इतक्या वेळा जाऊन आले होते की तिथले विक्रेते त्यांना बघून आत जायचे. त्यांचा निष्कर्ष मात्र पहिल्यापासून एकच होता: रंगीत टीव्ही ही चैन आहे. "बातम्यांना रंग कशाला लागतो?" ते विचारत. "आणि रंग खरे नसतातच. दुकानात बघितलं ना मी, माणसं गाजरासारखी दिसतात." घरात या अभ्यासाचं सगळं निवेदन जेवताना व्हायचं. आम्ही ऐकायचो: मी, कॉलेजात जाणारा माझा भाऊ सुधीर, अक्का. आई वाढत असायची. तिला कुठला टीव्ही हवा आहे, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही नाही.

दरम्यान आम्ही टीव्ही बघत होतोच. तो हिराबाईंच्या घरी. हिराबाई म्हणजे आमच्याकडे मच्छी घेऊन येणाऱ्या कोळीण. आमच्या इमारतीच्या मागे खाडीकडे उतरत गेलेला कोळीवाडा होता, त्यातलं शेवटून दुसरं घर त्यांचं. त्यांचा मोठा मुलगा जहाजावर कामाला होता. तो एकदा सुटीवर येताना एक भलामोठा खोका घेऊन आला, आणि त्यातून आमच्या सगळ्या वस्तीतला पहिला रंगीत टीव्ही निघाला. तिथे अभ्यास वगैरे काही झाला नाही. खोका फोडला, जुन्या होडीची डोलकाठी दाराशी पुरली होती तिच्या टोकाला अँटेना बांधला, बटण दाबलं, लागला. हिराबाई दुसऱ्या दिवशी पाटी उतरवता उतरवता आईला म्हणाल्या, "वैनी, पोरांना धाडा ना रविवारचा. पिक्चर असतंय. आमच्या घरान जागा मोप हाय."

मग दर रविवारी संध्याकाळी आम्ही जायला लागलो. सुकवलेल्या बोंबलांचा वास, खाडीवरचा वारा, दारातल्या जाळ्यांचे ढीग ओलांडत आत गेलं की सारवलेल्या जमिनीवर आधीच पन्नासेक डोकी. मी दाराशी घुटमळले की हिराबाई ओरडायच्या, "बस गो बाय, लाजतेस कशाला? आपलाच घर हाय." आई पहिल्यांदा आमच्याबरोबर आली ती फक्त "अर्धा तास" म्हणून, आणि मग दर रविवारी आली. अक्काही यायची, तिच्यासाठी खुर्ची असायची. अण्णा येत नसत. "लोकांच्या घरी जाऊन बघणं मला पटत नाही," ते म्हणायचे, पण आम्ही परत आलो की दारातच विचारायचे, "चित्राच्या कडा कशा होत्या? सावली पडते का? लाल रंग फाटतो का?" पिक्चर कसा होता, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

या रविवारांचा एक परिणाम अण्णांच्या हिशेबात कधीच आला नाही. आई आणि हिराबाई यांच्यात पूर्वी मच्छीवरून जी घासाघीस चालायची ती ऐकायला शेजारच्या बायका जिन्यात येऊन उभ्या राहत. आई पापलेटाचा कल्ला उचलून नाक मुरडायची, हिराबाई पाटी डोक्यावर घेऊन दोन पायऱ्या उतरायच्या, आई दार लावून घ्यायची, हिराबाई परत वर यायच्या. दोघींनाही त्यात मनापासून मजा यायची. टीव्ही सुरू झाल्यावर ते संपलं. ज्या घरात रविवारी मांडीला मांडी लावून बसतो, पोरांना चहा-खारी मिळते, त्या बाईला सोमवारी कसं म्हणायचं की तुमची कोलंबी शिळी आहे? आई सांगितलेला भाव मुकाट्याने द्यायला लागली. हिराबाईंनाही ते खटकत असावं. त्या आपणहून दोन चिंबोऱ्या जास्त टाकायच्या. आमचं जेवण सुधारलं आणि महिन्याचा खर्च वाढला. खर्च का वाढला, हे अण्णांना सापडेना. त्यांनी वीज कमी जाळायला सांगितलं.

आता आईच्या पेटीबद्दल सांगायला हवं. आई माहेरून दोन गोष्टी घेऊन आली होती: तांब्याचा एक बंब आणि एक बाजाची पेटी, पायपेटी नव्हे, साधी हातपेटी, जिचा एक स्वर दाबला की दुसऱ्यालाही सोबत घेऊन वाजायचा. वडिलांकडून ती शिकली होती. दुपारी जेवणं उरकली, अक्का आडवी झाली, की आई पेटी काढायची आणि हळू आवाजात तासभर वाजवायची. शाळा सकाळची असल्यामुळे मी घरी असायचे, गृहपाठ करत. मला वाटायचं सगळ्यांच्या आया दुपारी पेटी वाजवतात. अण्णा दुपारी कंपनीत असायचे. रविवारी ते घरी असले की पेटी खाटेखालीच राहायची, कारण दुपारी त्यांना झोप लागायची. महिला मंडळात मात्र आईच्या पेटीशिवाय काही व्हायचं नाही. मंगळागौर असो, भोंडला असो, हळदीकुंकू असो, बायका गायच्या आणि आई एका बाजूला बसून साथ द्यायची.

तर त्या मंडळाला टीव्हीवर बोलावणं आलं. संध्याकाळी बायकांसाठी एक कार्यक्रम लागायचा, त्यात जुनी पारंपरिक गाणी म्हणायची होती. अध्यक्षीणबाईंचे कोणी ओळखीचे होते. आईने हे घरी सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "पुढच्या आठवड्यात आमचं रेकॉर्डिंग आहे मुंबईला. मग महिन्याभरात लागेल टीव्हीवर." अण्णांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तू दिसणार?"

"पेटी वाजवतेय म्हणजे दिसेनच की थोडीशी."

"टीव्हीवर?"

"नाहीतर कुठे, रेडिओवर दिसणार का ती?" अक्का म्हणाली.

त्या एका महिन्यात अण्णांनी जो निर्णय इतका काळ लांबवला होता तो घेऊन टाकला. बायको टीव्हीवर दिसणार आणि ती बघायला आपण मच्छीवालीच्या घरी जाणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं. पण घाईतही अभ्यास सुटला नाही. सगळ्या बाजारात त्यांना जो सेट पसंत पडला तो बाजारातला नव्हताच. त्यांच्या कंपनीत सबनीस नावाचे गृहस्थ होते, विजेच्या विभागात. ते माजिवड्याला राहायचे आणि फावल्या वेळात सुटे भाग आणून काळेपांढरे सेट जोडायचे. "बाजारात तोच माल, फक्त नाव छापलेलं असतं," असं त्यांचं म्हणणं. अण्णांना हे शंभर टक्के पटलं. शिवाय सबनिसांनी आमच्या कपाटाची मापं मागून घेतली आणि बरोबर त्यात बसेल असा सेट जोडून दिला. अक्काचा बाम, तांदूळ आणि गोधडी बाहेर निघाली. एका संध्याकाळी रिक्षातून, अण्णांच्या मांडीवर बसून, टीव्ही घरी आला.

तो कपाटात इतका फिट बसला की मागे वायर लावायला हात जाईना. सबनिसांनी गच्चीवर त्यांनी स्वतः बनवलेला अँटेना उभा केला, वायर खिडकीतून आत आली, अण्णांनी किल्लीने शटर उघडलं, आणि पडद्यावर बातम्या देणाऱ्या दोन बायका दिसल्या. एक खरी, आणि तिच्या उजव्या खांद्याला चिकटून तिचीच एक फिकट बहीण. दोघी एकाच वेळी तोंड हलवत होत्या. सबनिसांनी वर जाऊन अँटेना फिरवला तेव्हा फिकट बहीण जरा लांब गेली, मग जवळ आली, पण गेली नाही. खाली येऊन, घाम पुसत, त्यांनी खिडकीतून पारसिकच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "दोष सेटचा नाही. लहरी मुंबईहून सरळ येतात, त्या आपल्याला मिळतात. त्याच पुढे जाऊन त्या डोंगरावर आपटतात आणि परत येतात. त्या उशिरा पोचतात. म्हणून दोन चित्रं."

"म्हणजे डोंगर मधे आहे म्हणून?" अण्णांनी विचारलं.

"मधे नाही. मागे. मागे आहे म्हणूनच तर."

अक्का म्हणाली, "एका सेटच्या पैशात दोन चित्रं मिळाली, तक्रार कसली करता?"

पुढे मला कळलं की चांगला, खूप काड्यांचा अँटेना लावला की ही भुतं जातात. म्हणजे डोंगर बिचारा निर्दोष होता. पण त्या वेळी आमच्या घरात डोंगरावरच खापर फुटलं, आणि अण्णा रोज ऑफिसातून आले की गच्चीवर जाऊन अँटेना थोडा थोडा फिरवून बघायला लागले.

कार्यक्रम लागायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट मला स्पष्ट आठवते. रेकॉर्डिंग केव्हाच होऊन गेलं होतं, पण आईच्या मनात एक गोष्ट राहिली होती. रेकॉर्डिंगला जाताना तिने दोन साड्या काढून अण्णांसमोर धरल्या होत्या, एक मोरपंखी आणि एक डाळिंबी, आणि विचारलं होतं, "अहो, कुठली नेसू?" अण्णा त्या वेळी सबनिसांनी दिलेला सुट्या भागांचा नकाशा बघत होते. मान वर न करता ते म्हणाले होते, "कुठलीही नेस. काळ्यापांढऱ्यात दोन्ही सारख्याच दिसणार." आई मोरपंखी नेसून गेली. हे सगळं ती मला आता, आदल्या संध्याकाळी, कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगत होती. रागाने नव्हे. नुसतं, झालेलं सांगावं तसं. "त्यांचं बरोबर आहे म्हणा," ती म्हणाली. "करड्याच दिसतील दोन्ही." आणि मोरपंखी साडी तिने कपाटात न ठेवता खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अण्णा अर्धी रजा घेऊन आले. त्यांनी अख्ख्या इमारतीला बोलावणं केलं होतं. सतरंज्या पसरल्या होत्या, अक्काने चिवडा केला होता, सबनीस माजिवड्याहून सपत्नीक आले होते. शेजारणी, त्यांची मुलं, तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, सगळे दाटीने बसले होते. अण्णा गच्चीवर, सुधीर जिन्यात, मी दाराशी, अशी आमची साखळी होती. अण्णा अँटेना फिरवत, सुधीर ओरडायचा, "आता कसं?", मी आत बघून सांगायचे, "दोनच आहेत!", आणि सुधीर वर ओरडायचा, "दोनच!"

कार्यक्रमाची वेळ जवळ आली तेव्हा अक्काच्या लक्षात आलं की आई घरात नाही. "सुमन कुठे गेली?" आई मघाशी "देवळात जाऊन येते" म्हणून गेली होती, ती परतलीच नव्हती. अक्काने मला पिटाळलं. मी देवळात गेले. देऊळ बंद होतं. परत येताना कोळीवाड्याच्या वळणावर मला हिराबाईंच्या घरातला आवाज ऐकू आला, टीव्हीचा आणि बायकांचा. का कोण जाणे, मी तिकडे वळले.

आई तिथे होती. ज्या खुर्चीवर एरवी अक्का बसायची तिच्यावर, मोरपंखी साडी नेसून, हातात चहाचा कप. आजूबाजूला जमिनीवर कोळणी, कामावरून आलेल्या, डोक्याला अजून फुलं तशीच. मला बघून आई दचकली नाही. "ये, बस. आता लागेलच."

"आई, घरी सगळे थांबलेत. अण्णांनी सगळ्यांना बोलावलंय."

"माहितीय."

"मग चल ना."

"तिथे काळ्यापांढऱ्यात दिसेन गं मी," आई म्हणाली. "आणि तेही दोन दोन. मला एकदा नीट बघायचंय."

हिराबाई माझा हात धरून म्हणाल्या, "बस गो पोरी. तुजी आय रोज थोडीच टीव्हीन येते?" मी बसले. घरी निरोप द्यायला जायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि ते लागलं. मंडळाच्या बायका अर्धगोलात बसलेल्या, मागे निळा पडदा, आणि सगळ्यात उजवीकडे आई. कॅमेरा आधी गाणाऱ्या बायकांवरून फिरला, मग तिच्या हातांवर आला आणि तिथेच थांबला. कोणाला तरी ते हात आवडले असावेत. मोरपंखी पदर, हिरव्या बांगड्या, पट्ट्यांवरून सरसर जाणारी बोटं. ती माझी आई होती आणि मी तिला असं कधीच बघितलं नव्हतं, कारण दुपारी मी गृहपाठाच्या वहीकडे बघत असायचे. कोळणींनी एकच गलका केला. "वैनी, काय दिसतंस गो!" एकीने बोटं मोडून दृष्ट काढली. आई कपातल्या चहाकडे बघत होती आणि मधूनच पडद्याकडे, लाजून नव्हे, तपासल्यासारखी.

त्या वेळी आमच्या घरी काय चाललं होतं ते अक्काने नंतर पुढची कितीतरी वर्षं सांगितलं. मंडळाच्या बायका पडद्यावर दुपटीने दिसत होत्या. पोस्टमास्तर मोठं मंडळ आहे म्हणून कौतुक करत होते. सबनीस डोंगराची गोष्ट पुन्हा समजावून सांगत होते. मी परतले नव्हते म्हणून सुधीर खाली बघायला आला, आणि वरून अण्णांचा आवाज आला, "आता कसं?" तेव्हा अक्का स्वतः उठून जिन्यात गेली आणि ओरडली, "वसंता, तुझी बायको दोन दोन दिसतेय रे! एकीला तरी नीट बघ खाली येऊन!"

अण्णा खाली आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग खोलीत नजर फिरवली आणि विचारलं, "ती आहे कुठे?" कोणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून कोळीवाड्यातला गलका आत आला. अण्णा चपला घालून निघाले.

मला ते दारात दिसले तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं. गच्चीवरच्या गंजाने हात तांबूस झालेले, शर्टाची बाही वर सरकवलेली. त्या घरात ते पहिल्यांदाच आले होते. हिराबाई लगबगीने उठल्या, "या सायब, या," पण ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील. इतक्या लोकांना घरी बसवून आई इकडे आली होती. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने कप खाली ठेवला आणि मांडीवर हात जुळवून ती ताठ बसली. पडद्यावर पुन्हा तिचे हात दिसले. अण्णांनी हळू आवाजात, आईला नव्हे, हिराबाईंना विचारलं, "ही इतकं चांगलं वाजवते?"

"रोज वाजवते ना दुपारची," हिराबाई म्हणाल्या. "मी जिन्यान बसून ऐकते कवा कवा. तुमाला म्हाईत नाय?"

गाणं संपलं, निवेदिका आली, कोणीतरी आवाज कमी केला. अण्णा आईच्या साडीकडे बघत होते. आधी पडद्यावर बघितलेली, मग खुर्चीवरची. "मोरपंखी आहे होय," ते म्हणाले. आई म्हणाली, "दाखवली होती की तुम्हाला." मग ती उठली, हिराबाईंचा निरोप घेतला आणि आम्ही तिघं घराकडे निघालो. घरी चिवडा खात सगळे अजून बसले होते. सबनिसांनी उत्साहाने विचारलं, "कुठे होता साहेब? कसं वाटलं चित्र?" अण्णा म्हणाले, "तिकडे छान दिसलं." एवढंच. तिकडे म्हणजे कुठे, हे सबनिसांना कळलं नाही.

पुढचे काही दिवस आमच्या कपाटाचं शटर बंद होतं. अण्णा जेवताना बोलेनासे झाले. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटतंय की वाईट वाटतंय, हे आम्हाला कळेना. अक्कालाही कळेना, आणि अक्काला न कळण्याची ती मला आठवणारी एकमेव वेळ. एका दुपारी ते चक्क आजारपणाची रजा टाकून घरी राहिले. आजारी काही नव्हते. जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. आईने बराच वेळ वाट बघितली, ते झोपतील म्हणून. ते झोपले नाहीत. शेवटी तिने पेटी काढली. अण्णांनी तासभर पेपरचं एकही पान उलटलं नाही.

सबनिसांनी सेट परत घेतला, जरा नाखुशीने. "डोंगर तिथेच राहणार आहे," असा इशारा त्यांनी जाताना दिला. मग आला रविवार. सकाळी अण्णा आईला म्हणाले, "तयार हो. ठाण्याला जायचंय."

"कशाला?"

"टीव्ही बघायला. रंगीत. हप्त्याने घेऊ." हप्ता या शब्दावर त्यांचं मत आम्हाला इतकं पाठ होतं की सुधीरने माझ्याकडे बघितलं. "या वेळी तू निवड."

मला बरोबर नेलं होतं म्हणून ते दुकान मी बघितलं. नौपाड्यातलं, काचेचं, आत भिंतभर टीव्ही मांडलेले आणि सगळ्यांवर एकच कार्यक्रम चालू. अण्णांना बघून विक्रेता सवयीने आत निघाला होता, पण अण्णा दाराशीच स्टुलावर बसले आणि त्यांनी हाताने आईकडे निर्देश केला. विक्रेता गोंधळला. मग त्याने आईला एकेका सेटचं वर्णन सांगायला सुरुवात केली: चित्र, आवाज, बटणं, हमी. मी अण्णांकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर प्रश्न येत होते आणि ते गिळत होते, हे दिसत होतं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे सगळे जरा बंद करता का?"

"बंद?" विक्रेता म्हणाला. "बाई, बंद करून काय दिसणार?"

"तेच बघायचंय. चालू तो संध्याकाळी थोडाच वेळ असणार. बाकी सगळा दिवस तो माझ्या घरात बंदच बसणार आहे. पुसायचा मला, समोर बसायचं मला."

विक्रेत्याने अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "बाई सांगतायत ते करा."

एकेक करत सगळे सेट बंद झाले. दुकान एकदम शांत झालं, बाहेरच्या रिक्षांचे आवाज ऐकू यायला लागले. आई हळूहळू चालत एकेका टीव्हीसमोर थांबली, कुणाची कड हाताने चाचपली, कुणाच्या मागे वाकून बघितलं, धूळ कुठे बसेल ते. शेवटी एका मध्यम आकाराच्या सेटपुढे ती थांबली आणि त्याच्या काळ्या काचेत बघून तिने कपाळावर आलेले केस मागे सारले, कुंकू नीट केलं.

"हा द्या," ती म्हणाली.